उलटी लागलेली बाही

आमच्या घरात देव्हारा नाही. माझ्या वडिलांच्या घरातही नव्हता. भिंतीवर तथागतांची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती आणि पौर्णिमेला विहारात वंदना, एवढंच आमचं. वडील सांगायचे, नवस बोलायचा नाही, अंगारा लावायचा नाही, संकट आलं तर डोकं चालवायचं आणि हातपाय हलवायचे. मी तसंच जगले. म्हणून ‘अनुभव’ असं काही लिहायला बसताना माझी मलाच लाज वाटते. विहारातल्या बाया वाचतील तर म्हणतील, ही म्हातारपणी बिघडली. शिवाय जे घडलं ते नेमकं कुणी घडवलं, हे पाच वर्षं होत आली तरी मला उमगलेलं नाही. मी ब्लाउज शिवणारी बाई, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. ह्या गोष्टीचं माप मात्र मला अजून सापडत नाही. पण मनात ठेवूनही चैन पडत नाही, तेव्हा लिहिते.

शिळफाट्याच्या बाजारामागे आमची वस्ती. तिथे सिस्टरांचं घर आहे, कॅथलिक सिस्टरांचं, मी लग्न होऊन खोपोलीत आले त्याच्याही आधीपासूनचं. पत्र्याचं लांबट घर, दारात चिकूचं झाड. सकाळी तिथे बालवाडी भरते आणि दुपारी दोन ते पाच बायकांचा शिवणवर्ग. सिस्टर बदलत राहिल्या, पण एक टिकून होती, सिस्टर ॲनी. ती केरळची. इथे आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. ती जे शिकली ते आमच्या वस्तीतल्या बायांच्या तोंडून, त्यामुळे आमच्यापेक्षा जास्त ती ‘हाय’ आणि ‘नाय’ बोलायची. माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी घरात ‘आहे-नाही’ बोलायची सवय लावून घेतली, तर सिस्टर हसून म्हणाली, “आता तू मोठी बाय झालीस गं, आमी आपलं हाय तेच बोलणार.”

त्या घराचा एक नियम होता. दारात बाई आली की आधी पाणी द्यायचं, मग हातात काहीतरी काम द्यायचं, आणि विचारायचं काही नाही. कोण, कुठली, डोळा का सुजलाय, कुंकू का पुसलंय, काही नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. माझ्या नवऱ्याची मिल बंद पडली आणि हे घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, तेव्हा मी त्या दारात गेले होते. सिस्टरने पाणी दिलं आणि काजं करायला एक ब्लाउज मांडीवर टाकला. महिनाभर मी काजं केली. महिन्याने एक दिवस आपोआप तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. तोवर माझ्या हातात कला आली होती. पुढे त्याच कलेवर मी घर चालवलं, मुलगी शिकवली, तिचं लग्न केलं.

ही मुलगी म्हणजे सुजाता. लोधिवलीला दिली होती. जावई कंपनीत, माणूस सरळ. पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडे आली, मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. आणि पंधरा दिवसांत माझी पोर गप्प झाली. आधी मला वाटलं थकली असेल. मग ती बाळाला घेईना. दूध पाजायला मांडीवर दिलं तर हात खाली सोडून बसायची, जणू कुणी दुसऱ्याचं सामान तिच्या मांडीवर ठेवलंय. मी वरचं दूध सुरू केलं. ती रडत नव्हती, भांडत नव्हती, काही मागत नव्हती. बोलणं तर पूर्ण थांबलं. एका दुपारी ती पाताळगंगेच्या पुलावर चपला काढून उभी असलेली बाजारातल्या एका भाजीवालीला दिसली. ती भली बाई आपली पाटी तिथेच सोडून हिचा हात धरून घरापर्यंत घेऊन आली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. त्या दिवसापासून मी घरातल्या कात्र्या, सुऱ्या, ब्लेडं सगळी डब्यात भरून शेजाऱ्यांकडे ठेवली. ब्लाउज शिवणारीच्या घरात कात्री नाही, म्हणजे काय दिवस असतील ते बघा.

विहीणबाई आल्या. त्यांनी सुजाताकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “हे बाहेरचं हाय. डोंगराकडं एक भगत हाय, त्याला दाखवा. महिनाभर बघू. नायतर बाळाला आमी नेतो आमच्याकडं, आणि हिला तुमी ठेवा तुमच्याकडं.” जावई मान खाली घालून बसला होता. त्याच्या मौनाचा मला त्यांच्या बोलण्याहून जास्त राग आला. पण राग करून काय उपयोग, महिना तर सुरू झाला होता.

आता जे सांगणार आहे ते मी विहीणबाईंना कळवलं होतं, पण ह्यांना, माझ्या नवऱ्याला, आजवर सांगितलेलं नाही. मी गेले त्या भगताकडे. ज्या बापाने आयुष्यभर असल्या गोष्टींविरुद्ध भाषणं दिली, त्याची लेक नारळ आणि लिंबं घेऊन डोंगर चढली. भगत वाईट माणूस नव्हता, गरीबच होता बिचारा. त्याने तांदूळ टाकून बघितले, काळा दोरा मंतरून दिला आणि म्हणाला, “नऊ दिसांत उतरेल, आई.” तो दोरा मी सुजाताच्या दंडाला, ब्लाउजच्या बाहीच्या आत, कुणाला दिसणार नाही असा बांधला. नऊ दिवस झाले, अकरा झाले. उतरलं काही नाही. माझ्या मनात मात्र एक चढलं, की बापाचंही राखलं नाही आणि लेकीचंही भलं झालं नाही. धड ना इकडची, धड ना तिकडची.

बाराव्या दिवशी सिस्टर ॲनी स्वतःच दारात आली. भाजीवालीकडून तिच्या कानावर गेलं असावं. मी तिचे पाय धरायला वाकले, म्हटलं, “सिस्टर, तुम्ही प्रार्थना करा. तुमच्या देवाचं पाणी असेल तर ते शिंपडा. मी काहीही करते. पाहिजे तर तुमच्यात येते.” तिने मला दंडाला धरून उठवलं आणि चक्क रागावली. “तसलं काय नाय माझ्याकडं. आणि येशील कुठं? इतकी वर्सं आलीसच की. आधी हिला डॉक्टरला दाखव. मग रोज दुपारी वर्गात घेऊन ये. बाळाला पण आण.” मग तिने सुजाताला जवळ घेतलं, तेव्हा तिची बोटं त्या दोऱ्याला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “गाठ तरी नीट मारलीस ना? तुझ्या गाठी सुटतात गं.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, गोळ्यांनी बरा होतो, पण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. विहीणबाई म्हणाल्या होत्या की गोळ्यांनी अंगावरचं दूध नासतं, म्हणून मी घरी गोळी द्यायला कचरायचे. हे ओळखूनच की काय, सिस्टरने गोळ्या आपल्याकडे ठेवल्या. रोज दुपारी सुजाता आली की तिच्या हातावर गोळी, वर पाणी, आणि समोर बटणांचा डबा. वेगवेगळी बटणं एकत्र झालेली, ती निवडायची, एवढंच काम. सुजाताने त्या डब्याला बोटसुद्धा लावलं नाही. बालवाडीच्या खोलीत आढ्याला झोळी बांधून बाळाला निजवायचं आणि येणारी-जाणारी बाई झोका देऊन जायची. कुणी सुजाताला काही विचारलं नाही. मी मात्र तुरपाई करता करता तिच्या हातांकडे बघायचे. आज हलतील, उद्या हलतील. रात्री तसबिरीसमोर बसले की त्रिशरण म्हणताना मध्येच गडबडायचे. ओठांवर वंदना, मनात भगताचे नऊ दिवस, आणि कानात सिस्टरांच्या घरातली घंटा. कुणाकडे काय मागतेय हेच मला कळत नव्हतं. महिन्यातले सहा दिवस उरले होते.

त्या दिवशी वर्गात बालवाडीच्या मुलींचे फ्रॉक शिवायचं काम चाललं होतं, निळ्या चौकड्याचे. सिस्टर सुजाताच्या शेजारच्या मशीनवर बसली होती. आता ज्यांना शिवण येत नाही त्यांना सांगायला हवं, की बाहीची पुढची बाजू जास्त खोल कापलेली असते आणि मागची उथळ. उजवी बाही डावीकडे लागली तर ती हातात चढते, पण काखेत ओढते, खांद्यावर फुगते आणि लेकरू दिवसभर खांदे उडवत बसतं. सिस्टर हे प्रत्येक नव्या बाईला पहिल्या आठवड्यात शिकवायची. “पुढं खोल, मागं उथळ,” हे तिच्या तोंडून वस्तीतल्या निम्म्या बायांनी ऐकलं असेल. सुजाता तर माझ्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत वाढलेली. तिला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी हे पाठ होतं.

मी मान खाली घालून तुरपाई करत होते. आणि मला माझ्या लेकीचा आवाज आला. घोगरा, बसलेला, पण तिचाच.

“सिस्टर, बाही उलटी लागतेय.”

एकेक करून मशिनी थांबल्या. सिस्टरने पायडल थांबवलं, फ्रॉक डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. “कुठली गं?”

“उजवी डावीकडे लावलीत. खोल बाजू मागे गेलीय.” आणि मग तिने हात पुढे केला. “ब्लेड द्या. मी उसवते.”

सव्वा महिना ज्या वस्तूपासून मी तिला जपत होते तीच ती मागत होती. मी उठलेच होते. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. हातानेच खाली बस म्हणाली. मग आपल्या डबीतलं अर्धं ब्लेड काढलं आणि सुजाताच्या तळहातावर ठेवलं. मी बसले कशी ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्या क्षणी मी सोडून दिलं. तथागतांना म्हटलं, सिस्टरच्या देवाला म्हटलं, डोंगरावरच्या त्या गरीब भगताला सुद्धा म्हटलं असेन, की माझ्याच्याने आता राखवत नाही, जो कुणी बघत असेल त्याने बघावं. सुजाताने फ्रॉक गुडघ्यावर घेतला आणि एकेक टाका उचलत शिवण उसवायला लागली. कापडाला कुठे चरा पडू दिला नाही. मग डावी बाही घेऊन मुंढ्याला, म्हणजे बाहीसाठी कापलेल्या गोलाईला, टाचली, आणि टाचता टाचता मान वर करून म्हणाली, “आई, ती रडतेय. भूक लागली असेल तिला.”

बाळ खरंच रडत होतं. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

लगेच सगळं बरं झालं असं नाही. बाळाला तिने दोन दिवसांनी उचललं, तेही घाबरत. हसायला दीड महिना लागला. पण त्या रविवारी विहीणबाई आल्या तेव्हा सुजाता दारात उभी राहून “या आई” म्हणाली, आणि बाळ तिच्या कडेवर होतं. विहीणबाईंनी बाळाच्या जावळावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “बघा, भगताचा गुण उशिरा आला पण आला.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या लागू पडल्या. हे म्हणाले, आईचे कष्ट. मी मात्र ठाम होते. मी वस्तीभर सांगत सुटले की सिस्टरने मुद्दाम केलं. सगळ्या वस्तीला बाही लावायला शिकवणारी बाई बाही उलटी लावेल का कधी? तिने पोरीला नेमकं ओळखलं आणि बरोब्बर डाव टाकला. सिस्टरला विचारलं तर ती नुसती हसायची आणि दुसरंच काही बोलायची. तो फ्रॉक तिने सुजातालाच देऊन टाकला. “ठेव, तुझ्या पोरीला होईल कधीतरी.”

दोन महिन्यांनी सिस्टरला घाटावर, पुण्याकडच्या त्यांच्या वयस्कर सिस्टरांच्या घरी पाठवलं. मोठ्या सिस्टरांचा हुकूम आला असं आम्हाला सांगितलं. सगळी हयात इथे घालवली आणि निघाली तेव्हा हातात एक पिशवी. बाया रडत होत्या, मी मोठ्या सिस्टरांना मनातल्या मनात शिव्या देत होते, आणि ही शांतपणे चिकूच्या झाडाला पाणी घालून रिक्षात बसली. मला वाटलं, एवढं कसं सोडवतं माणसाला.

ह्या वर्षी माझी नात सांची बालवाडीत जायला लागली आणि तो निळा चौकड्याचा फ्रॉक तिला बेताचा झाला. मी सुजाताला म्हटलं, हिला सिस्टरला दाखवून येऊ. सुजाताला येता आलं नाही, कारण आता लोधिवलीहून रोज येऊन दुपारचा शिवणवर्ग तीच घेते. मी आणि सांची गेलो. सिस्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. आमची पावलं ऐकून मान वळवली, पण नजर भलतीकडेच. डोळे जवळजवळ गेलेले. मी आवाज दिला तशी ओळखली. “आलीस व्हय गं?” म्हणाली. सांचीला मी पुढे केलं. सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटं बाहीच्या शिवणीवरून पुढून मागे फिरवली.

“पुढं खोल, मागं उथळ. बरोबर हाय.”

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, सिस्टर, आता तरी खरं सांगा, ती बाही तुम्ही मुद्दाम लावली होती ना. तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “नाय गं. माझा हात चुकला. त्याच्या आधी सा महिने मला धड दिसत नव्हतं, मी बोटांवर काम काढत होते, कुणाला कळू देत नव्हते. गर्व होता ना. त्या दिवशी तुझी पोर बोलली आणि मला कळलं, संपलं आपलं. संध्याकाळी मीच चिठ्ठी लिहिली मोठ्या सिस्टरला, मला आता घेऊन जा म्हणून.”

ज्या वाक्यावर मी घरी जाऊन आनंदाने रडले, त्याच वाक्यावर ही बाई आपलं सगळं आयुष्य बांधून निघाली होती, आणि दोन महिने माझ्या बढाया ऐकत गप्प बसली होती. मी म्हटलं, “म्हणजे आमच्यामुळे तुमचं काम गेलं.” तिने चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर टपली मारली. “वेडी हायस. इतकी वर्सं मी बाह्या नीट लावल्या. देवाच्या कामाला आली ती चुकलेली. मग मी आता कशाला नीटपणाचा धोशा लावू? माझ्यात जे मोडकं हाय ते पण त्याचंच, हे मला त्या दिवशी कळलं.” मग सांचीला जवळ ओढून विचारलं, “चिकूला चिकू लागतात का गं अजून?”

तेव्हापासून माझा गोंधळ वाढलाच आहे. तिने मुद्दाम केलं असतं तर सोपं होतं. तिचे आभार मानले असते, तिच्या हुशारीचे गोडवे गायले असते, हिशेब संपला असता. पण ती चूक होती. मग मी आभार मानू कुणाचे? एका म्हाताऱ्या बाईच्या गेलेल्या डोळ्यांचे? गोळ्यांचे? की अगदी त्या दुपारी, त्या मशीनवर, माझ्या पोरीच्या शेजारी ती चूक ज्याने घडू दिली त्याचे, आणि असा कुणी असतो हे तर मी मानतच नाही. वडील असते तर म्हणाले असते, योगायोग गं पोरी. असेलही. मी वाद घालणार नाही. पण एवढ्या मोठ्या गोष्टीला तो शब्द मला तोकडा पडतो. मला एवढंच माहीत आहे की मी सगळं घट्ट धरून ठेवलं होतं तेव्हा काही हललं नाही, आणि मी हात सोडून खाली बसले तेव्हा माझी लेक टाके उसवत होती.

आता रोज दुपारी मी वर्गात जाऊन बसते. मशीन चालवायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून दाराजवळ माठापाशी बसते. परवा एक नवीन बाई आली, कडेवर मूल, पायात चपला नाहीत. मी तिला पाणी दिलं, बटणांचा डबा पुढ्यात ठेवला. काही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आले, मेणबत्ती लावली आणि हात जोडले गेले. कुणापुढे, हे पूर्वी मी स्वतःला विचारून विचारून हैराण करायचे. आता विचारत नाही. सिस्टरांच्या घराचा नियमच आहे तो, आणि तो मला फार उशिरा कळला. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, काम द्यायचं, आणि कोण आहेस म्हणून विचारायचं नाही.